सतरंजीवरचा क्लास

मागच्या महिन्यात माळा आवरताना जुना लाकडी फळा सापडला. दोन बाय तीन फुटांचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला. 1994 च्या जूनमध्ये डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात याच फळ्यावर मी पहिलं उदाहरण लिहिलं होतं. सतरंजीवर पाच मुलं, महिना साठ रुपये फी आणि आतल्या खोलीत शिट्ट्या देणारा कुकर. बिल्डिंगमधल्या एकीने "ताई, तेवढं गणिताचं बघा ना जरा" म्हटलं आणि क्लास सुरू झाला. ठरवून असं काही केलंच नव्हतं.

फळा पुसता पुसता मनात आलं की बाकीच्यांचे क्लास कसे सुरू झाले असतील? मग वाचत गेले. आणि गंमत अशी की मोठमोठ्या नावांची सुरुवातसुद्धा बहुतेक घरातच झालेली.

आपल्याकडे शाळेबाहेरच्या शिकवणीची परंपरा तशी जुनी. जोतिराव फुल्यांनी 1855 मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. टिळकांनी 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, त्या सुमारास ते पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी लॉ क्लास चालवत. म्हणजे लोकमान्यांनीही क्लास घेतले बरं का! (हे मला तेव्हा माहीत असतं तर सासूबाईंना ऐकवलं असतं. "मुलं गोळा करून काय बसतेस" हे त्यांचं रोजचं पालुपद होतं.) पण हे सगळं मोठ्या माणसांसाठी. शाळकरी मुलांची शाळा सुटल्यावरची शिकवणी वेगळी, आणि तिथे मला सगळ्यात जास्त भावली ती जपानमधली गोष्ट.

तोरू कुमोन हे ओसाकाजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक. 1954 साली त्यांच्या बायकोला दुसरीतल्या मुलाची, ताकेशीची, गणिताची उत्तरपत्रिका सापडली. मार्क अगदीच बेताचे. तिने नवऱ्याला सांगितलं की घरात गणिताचा मास्तर असून आपल्या मुलाची ही गत, काहीतरी करा. (हे संभाषण कुठल्याही मराठी घरात जसंच्या तसं होऊ शकतं.)

कुमोननी मुलाला समोर बसवून समजावून सांगितलं नाही, इथेच ते वेगळे ठरले. ते सुट्या कागदांवर हाताने उदाहरणं लिहून ठेवत आणि मुलाने ती रोज थोडा वेळ, अर्ध्या तासाच्या आत, आपली आपण सोडवायची. रात्री ते तपासत आणि उद्याचा कागद लिहीत. आजचं उदाहरण कालच्यापेक्षा जेमतेम एक पाऊल पुढचं, म्हणजे मुलाला न विचारता पुढे सरकता यावं. ते स्वतः कोची भागातल्या ज्या शाळेत शिकले, तिथे मुलांना आपापल्या वेगाने अभ्यास करू देत, ती सवय त्यांच्या मनात राहिली असावी. मधल्या वाटेवर जे लागत नाही ते सरळ गाळलं. हायस्कूलच्या गणितापर्यंत पोहोचणं हेच लक्ष्य. ताकेशी सहावीत असताना कलन सोडवू लागला होता. मग शेजारच्या मुलांसाठी वर्ग निघाला, 1958 मध्ये रीतसर संस्था झाली, 1974 मध्ये न्यूयॉर्कला केंद्र उघडलं. जपानभर ही केंद्रं चालवणाऱ्यांत घर सांभाळणाऱ्या बायकाच पुष्कळ होत्या. म्हणजे आमच्यासारख्याच!

एका गोष्टीपाशी मात्र मी अडकले. कुमोन पद्धतीत मूल ज्या इयत्तेत आहे तिथून सुरुवात करत नाहीत. त्याला जिथे सहज जमतं तिथून करतात, मग ते दोन-तीन इयत्ता मागे का असेना.

हे वाचलं आणि मला एक मुलगा आठवला.

त्याचं नाव नाही लिहीत. 1996 मध्ये सातवीत होता, आई चार घरी पोळ्या करायची. अपूर्णांक आले की पेन्सिल चावत बसायचा. मी त्याला लसावि काढायला तीनदा, चारदा, दहादा शिकवलं. एकदा कंटाळून नुसती वजाबाकी घातली, तर हातच्याची वजाबाकीच येत नव्हती! तिसरीतली. म्हणजे चार वर्षं तो वर्गात बसून नुसता वर सरकत होता. मला तेव्हा कळलं होतं, हे कबूल करायला हवं. पण सातवीच्या मुलाला तिसरीची वजाबाकी देत बसले तर घटक चाचणीत काय लिहील, आणि फी देणारी त्याची आई काय म्हणेल, असं वाटून मी पुन्हा लसाविकडे वळले.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली कॅप्लनची गोष्ट वेगळी. 1938 मध्ये ब्रुकलिनला आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्याने शिकवणी सुरू केली. डॉक्टर व्हायचं होतं, पण मेडिकल कॉलेजांनी घेतलं नाही. आपण ज्यू असल्याने दारं बंद झाली असं तो सांगे. 1946 पासून तो कॉलेज प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेची तयारी करून घेऊ लागला. परीक्षा घेणारे म्हणत, हिची तयारी करताच येत नाही. 1979 मध्ये सरकारी चौकशीत निघालं की थोडीफार येते. 1984 मध्ये त्याने हा व्यवसाय 'वॉशिंग्टन पोस्ट' वर्तमानपत्राच्या कंपनीला विकला, आणि पुढे काही वर्षं त्या कंपनीची निम्मी कमाई शिकवण्यातून येत होती. मला यात फारसं मन रमलं नाही, खरं सांगते. परीक्षा आली की क्लास येतो, एवढंच त्यातून कळतं.

कोटा आपल्या जवळचं. विनोद कुमार बन्सल तिथे जेके सिंथेटिक्समध्ये इंजिनियर. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाला, पुढे चाकाच्या खुर्चीवर आले. ऐंशीच्या दशकात त्यांनी घरी जेवणाच्या टेबलाभोवती मुलांना शिकवायला सुरुवात केली. 1991 मध्ये 'बन्सल क्लासेस' निघालं आणि पुढे सगळं शहरच क्लासचं झालं. माणूस जिद्दीचा, 2021 मध्ये गेले. पण त्या क्लासमध्ये प्रवेश मिळवायलाच आधी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारेही निघाले होते म्हणतात. टेबलाभोवती जो येईल त्याला शिकवणं कुठे आणि हे कुठे!

पण मी कुणाला नावं ठेवणार? 1997 मध्ये माझ्याकडे तीस मुलं झाली होती. समोरच्या गल्लीत एका क्लासने दाराबाहेर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावले होते. मग मीही लावले. आणि जूनमध्ये आठवीच्या मुलांसाठी एक छोटी चाचणी ठेवली. साठ टक्क्यांच्या खाली प्रवेश नाही. तो मुलगा चाचणीला बसला होता, वीसपैकी चार मार्क. त्याची आई विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, "अहो, या वर्षी जागाच नाहीत." ती "बरं ताई" म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. जागा होत्या.

दक्षिण कोरियाने 1980 मध्ये खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या, आणि 2000 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने बंदी रद्द केली. चीनने 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठीच्या शिकवण्या बंद केल्या. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षकांना शिकवणी घ्यायला मनाई केली, आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2014 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातली सव्वीस टक्के मुलं, म्हणजे सुमारे 7.1 कोटी, शिकवणीला जात होती. एवढी मुलं शाळेत दिवसभर बसून संध्याकाळी पुन्हा सतरंजीवर का येतात, हे कुठल्या कायद्यात विचारलेलं मला तरी दिसलं नाही. त्या मुलाला तिसरीत कुणी हातचा शिकवला असता तर तो माझ्याकडे आलाच नसता.

असो. क्लास मी 2006 मध्ये बंद केला, गुडघ्यांमुळे. तो मुलगा आता चाळिशीला आला असेल.

फळा गॅलरीत आणून ठेवलाय. तडा बुजवून काळा रंग द्यावा लागेल. आमच्या वॉचमनची मुलगी सहावीत आहे, सोमवारपासून येणार आहे. काल तिला सहज एक कागद दिला, दुसरीच्या बेरजा होत्या. तिने माझ्याकडे जरा रागानेच बघितलं, "आजी, मी सहावीत आहे." म्हटलं, माहितीये गं, कर तरी.

सातव्या बेरजेला हातचा चुकला.