समुद्र नांदेड-लातूरपासून दूर नाही!

हजरत युनूस (अलैहिस्सलाम) आणि माशाचा किस्सा मकतबमध्ये सगळीच मुलं ऐकतात. पण आपल्या नांदेड-लातूरच्या कित्येक मुलांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. तरीही त्याच्याशी आपला संबंध रोजचा आहे. आधी तिथल्या काही थक्क करणाऱ्या गोष्टी पाहू.

निळा देवमासा : जगातला सर्वात मोठा प्राणी. लांबी ३० मीटरपर्यंत, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळपास तीन एसटी बस! नावात मासा असला तरी तो मासा नाही. श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो, पिलांना दूध पाजतो. खातो मात्र कोळंबीसारखे इवलेसे जीव. २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला असा एक देवमासा लागला होता.

ऑक्टोपस : याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं. आपल्या रक्तात लोह असतं, याच्या रक्तात तांबं.

समुद्री घोडा : इथे पिलांना जन्म नर देतो! मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी ठेवते.

ऑलिव्ह रिडले कासव : अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. ओडिशात २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट आपल्या कोकणात, गुहागरला अंडी घालायला आली.

आपला पाऊस : मराठवाड्यावर बरसणारे ढग समुद्रावरूनच येतात. दूर प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी अनेकदा आपला मान्सून कमजोर पडतो. २०१५ मध्ये मोठा एल निनो होता, पावसानं दगा दिला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे कोण विसरेल?

आपली नदी : लातूरची मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. नांदेडवरून जाणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या किनाऱ्यावर, हीच ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आपण नाल्यात टाकलेली पिशवी पुरात धरणांचे दरवाजे उघडले की तिथपर्यंत जाऊ शकते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळतं, आतडी अडकतात आणि ते मरतं.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही सदका आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग मोहल्ल्याच्या नाल्यातली पिशवी उचलणं त्यात का येऊ नये? समुद्र आपल्याला पाऊस पाठवतो. आपण त्याला बदल्यात काय पाठवायचं, हे आपल्याच हातात आहे.