एका वायरीवर सगळा वाडा

यंदाची दिवाळी मंगळवेढ्याला आप्पांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, वाड्यात वायरी ओढण्यात गेली. कारण ताई. पुण्याची नोकरी सांभाळून ती आप्पांजवळ राहायला आलेली. पण भिंती दीड हात जाड, सोप्यातलं वाय-फाय मधल्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकायचं. मीटिंगमध्ये आवाज तुटतो म्हणून मॅनेजरने ‘परत पुण्याला ये’ असं दोनदा सुचवलं होतं. ती गेली की आप्पा एकटे.

गावातला वायरमन आला. सहा खोल्या बघून म्हणाला, “एकच वायर फिरवू की भाऊ. खोलीखोलीत लूप मारू, बल्बसारखं.”

मी हसलो नाही. नेटवर्कचा इतिहास नेमका इथूनच सुरू होतो.

२२ मे १९७३ ला कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेत बॉब मेटकाफने एक मेमो लिहिला. इथरनेटचा जन्म तो. त्यातून जे उभं राहिलं ते हेच: एक कोॲक्सियल केबल इमारतभर न्या आणि प्रत्येक मशीन तिलाच जोडा. पुढे स्टँडर्ड झालं तेव्हा त्या बोटभर जाड केबलवर दर अडीच मीटरला खूण असायची. तिथे भोक पाडून टोचणी आत घुसवायची. नाव काय, तर व्हॅम्पायर टॅप! मग पातळ केबल आली, १८५ मीटरपर्यंत चालणारी. प्रत्येक मशीनमागे टी आकाराचा जोड, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. टेबल सरकवताना वायर सुटली की एकाचं नाही, त्या वायरीवरच्या सगळ्यांचं नेटवर्क झोपलं. आणि सुटलंय कुठे? टेबलांखाली रांगत शोधत बसा.

यातून सुटका केली टेलिफोनने. अमेरिकी ऑफिसांत फोनसाठी प्रत्येक टेबलापासून एका कपाटवजा खोलीपर्यंत पीळ दिलेल्या तारा आधीच गेलेल्या होत्या. (पीळ दिला की बाहेरची खरखर कमी होते, हे ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच पेटंट करून ठेवलेलं.) १९९० मध्ये टेन-बेस-टी स्टँडर्ड झालं. प्रत्येक मशीनची वायर वेगळी, सगळ्या मधल्या हबला, कमाल १०० मीटर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत इमारतींच्या वायरिंगचं स्टँडर्ड आलं: भिंतीतली वायर ९० मीटर, उरलेले १० दोन्ही टोकांच्या जोडवायरींना. वायर कितीतरी जास्त लागते, पण बिघाड एका खोलीपुरता राहतो.

हे वायरमनला सांगितलं. “म्हंजे मीटर बोर्डासारखं. परत्येकाला येगळा फ्यूज.” अगदी!

मग देवघराशेजारच्या कोनाड्यात स्विच बसवला. तिथून प्रत्येक खोलीला कॅट सिक्सच्या दोन-दोन वायरी, एक चालू आणि एक राखीव, विजेच्या वायरींपासून वीतभर लांब. दोन्ही टोकांना नंबर. सगळ्यात लांबची ३० मीटरही भरली नाही. (तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. घेऊ नका, फुकटचा सल्ला.)

ड्रिल काढल्यावर मात्र आप्पा उठून आले. “भिंतीला जपून रे.” गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले (१३३८) ते याच गावात. इथे भिंतीची थट्टा नाही. शेवटी माळवदाखालच्या तुळयांच्या कडेने, झरोक्यांतून वायरी नेल्या. एक दिवस जास्त गेला. असो.

संक्रांतीला सकाळी ताईचा फोन. “माझ्या खोलीचं बंद पडलंय. बाकी सगळं चालू आहे.”

“चार नंबर काढ आणि चार-ब लाव. दोन्ही टोकांना.”

उंदराने कुरतडली होती. दहाच्या मीटिंगला ती वेळेत हजर होती.