तात्पुरता म्हणून गणलेला आजार

गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा इतिहास रक्तदाबापासून नव्हे, लघवीपासून सुरू होतो. १८४३ साली लंडनच्या गाइज रुग्णालयात जॉन लिव्हर यांनी बाळंतपणात झटके येणाऱ्या स्त्रियांची लघवी तपासली. तीत अल्ब्युमिन हे प्रथिन आढळले. त्याच रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी वर्णिलेल्या मूत्रपिंडविकाराची हीच खूण. मात्र प्रसूतीनंतर ती नाहीशी होई, म्हणून हा आजार वेगळा आणि तात्पुरता ठरला. रक्तदाब मोजण्याचा रीवा-रोच्ची यांचा पट्टा आला तो थेट १८९६ मध्ये! (साधनाआधी निष्कर्ष रूढ होणे आम्हा भौतिकशास्त्रज्ञांनाही नवे नाही.)

२००८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी १९६७ पासूनच्या जन्मनोंदी मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या नोंदींशी जोडल्या. एकूण ५,७०,४३३ माता. पहिल्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका ४.७ पट. सर्व मातांत मिळून हे संकट विरळच, लाखामागे वर्षाला चाराहून कमी. पण ते येते सरासरी १७ वर्षांनी. आजार मूत्रपिंड दुखावतो की आधीच दुबळे असलेले उघडे पाडतो, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

आपल्याकडे २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींचा रक्तदाब आणि लघवी तपासली जाते. नॉर्वेसारखी जोडलेली देशव्यापी नोंद मात्र नाही. बाईने ते जुने कार्ड ट्रंकेत जपले आणि १७ वर्षांनी डॉक्टरांपुढे ठेवले, तरच दुवा जुळतो.