रंगभवनातली ती रात्र

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला. नात तिथे जाऊन आली ती घसा बसवूनच. म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं ते." मी म्हटलं, "अगं, मी 'पोलीस' ऐकलेत!" तिला वाटलं, आजीची काहीतरी गल्लत होतेय.

मार्च १९८०. मी चिंचवडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. धाकटा भाऊ भोसरीत एका कारखान्यात प्रेसवर होता. दिवसभर तो ठणठणाट, आणि घरी आला की रेडिओवर मोठ्याने इंग्रजी गाणी! मित्राला ऐनवेळी दुसरी पाळी लागली आणि एक तिकीट उरलं. "ताई, तू चल." रजेच्या अर्जात मी 'घरगुती काम' असं लिहिलं आणि दोघांनी पुण्याहून डेक्कन क्वीन पकडली.

धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८ ची पहिली 'जॅझ यात्रा' तिथलीच. 'द पोलीस' या इंग्लंडच्या बँडला मुंबईत आणलं ते टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने. परदेशी रॉक बँड तेव्हा आपल्याकडे फिरकतच नसत, त्यामुळे त्या रात्रीचं अप्रूप जुन्या मुंबईकरांना अजून आहे.

मंचावर माणसं तीनच. गिटारवर अँडी समर्स, ड्रमवर स्टुअर्ट कोपलंड, आणि बास गिटार वाजवत गाणारा स्टिंग. तिघांचा एवढा आवाज? शब्द मला एक कळेल तर शपथ. पण ठेका थेट छातीत वाजत होता. हळूहळू लोक खुर्च्यांवरून उठले, नाचू लागले. भाऊही उठला. "ताई, ऊठ ना!" मी पदर सावरून बसून राहिले. कुणी ओळखीचं पाहिलं तर? बाई म्हणवतात आणि नाचतात!

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं, की हा स्टिंग बँडमध्ये येण्याआधी इंग्लंडमधल्या क्रॅमलिंग्टन गावात लहान मुलांच्या शाळेत शिकवत होता. वाढला तो वॉल्सेंडला, जहाजं बांधणाऱ्या कामगारांच्या गावात. म्हणजे कारखान्याच्या गावचा मास्तर! मी आणि कोण होते मग?

रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजू लागला. जवळच रुग्णालयं असल्यामुळे या शतकाच्या सुरुवातीला, ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी, तिथला मोठा आवाज बंद झाला.

भावाचे कान त्याआधीच गेले होते. प्रेसवर बावीस वर्षं काढली, कानात घालायला कापसाचा बोळा तेवढा. शेवटी शेवटी तो रेडिओच्या पेटीवर तळहात ठेवून बसायचा. "ताई, ठेका लागतो हाताला," म्हणायचा. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली.

त्या रात्री आम्ही व्ही.टी.च्या बाकावर बसून पहाटेच्या गाडीची वाट पाहिली. तो मांडीवर ताल धरून होता. मी त्याला म्हटलं होतं, "पुरे आता, लोक बघतायत."

नातीला हे सगळं सांगितलं. पुढच्या वेळी मला घेऊन जाणार म्हणते. गुडघे साथ देतील तेवढं उभी राहीन.