सुरमा, अल्कोहोल आणि एमआरआय

उर्दूच्या तासाला 'अल्' शिकवताना मी 'अल्कोहोल' फळ्यावर लिहितो. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. मूळ अरबी शब्द 'अल्-कुह्ल', म्हणजे सुरमा. युरोपातल्या किमयागारांनी तो कुठल्याही बारीक भुकटीसाठी वापरला, मग अर्कासाठी, शेवटी दारूच्या अर्कासाठी. डोळ्यांत घालायच्या सुरम्याचं नाव हराम वस्तूला चिकटलं!

याच अल्कोहोलने एमआरआयमागच्या विज्ञानात मोठं काम केलं आहे, आणि त्यात भारतीय हात आहे. 1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, पॅकार्ड आणि एस. एस. धर्मट्टी यांनी इथाइल अल्कोहोल चुंबकात तपासलं. हायड्रोजनचा एक संकेत न येता तीन आले, 3:2:1 या प्रमाणात. रेणूतही हायड्रोजनचे अणू तसेच बसलेले असतात: एकीकडे तीन, दुसरीकडे दोन, तिसरीकडे एक. म्हणजे अणूच्या शेजारी कोण आहे, हे चुंबकाकडून कळू लागलं. धर्मट्टींनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव मला तरी दिसलेलं नाही.

अडचण एवढीच की हा संकेत फार क्षीण असतो. दवाखान्यातल्या 3 टेस्लाच्या मशीनमध्येसुद्धा लाखभर हायड्रोजन केंद्रकांमागे जेमतेम एकाचाच आवाज ऐकू येतो, बाकीची एकमेकांना खोडतात. शरीरात पाणी भरपूर, म्हणून चित्र तरी उमटतं. पण पेशी काय खाते आणि त्याचं काय करते, हे बघायचं तर? कर्करोगाच्या पेशी साखरेचं लॅक्टिक आम्ल फार करतात, हे ओटो वारबुर्गने 1920च्या दशकातच दाखवलं होतं. पायरुव्हेट टोचून त्याचं लॅक्टेट होताना पाहायचं, तर संकेत हजारो पटींनी वाढवावा लागतो.

2003 मध्ये तो दहा हजार पटींहून जास्त वाढवून दाखवला गेला, आणि 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र त्यासाठी पायरुव्हेट उणे 272 अंशांच्या आसपास गोठवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडाव्या लागतात. यंत्र महागडं, आणि एका डोसला तास-दोन तास.

दुसरी वाट खरी किमयेची आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूत दोन केंद्रकं असतात. ती एकमेकांच्या उलट फिरत असली, तर त्याला पॅराहायड्रोजन म्हणतात. साध्या वायूत तो 25 टक्के असतो. योग्य उत्प्रेरकावरून द्रव नायट्रोजनच्या थंडीत नेला की सुमारे 50 टक्के होतो. पुणेकरांना द्रव नायट्रोजन काही परका नाही, उरुळी कांचनच्या बायफमध्ये जनावरांचं वीर्य त्यातच साठवतात. असा पॅराहायड्रोजन स्वतः चुंबकासमोर मुका असतो. पण रासायनिक अभिक्रियेने त्याचे दोन अणू दुसऱ्या रेणूत वेगवेगळ्या जागी बसवले की तो बोलतो, हे बोवर्स आणि वाइटेकॅम्प यांनी 1986 मध्ये मांडलं.

पायरुव्हेटला हायड्रोजन थेट जोडता येत नाही. तुरिनच्या संशोधकांनी 2015 मध्ये त्याला एक जादा फांदी जोडली, हायड्रोजन त्या फांदीवर चढवला, त्याची शिस्त चुंबकीय क्षेत्र बदलून कार्बनकडे वळवली आणि अल्कलीने फांदी तोडून टाकली. वाक्यात सोपं वाटतं. प्रत्यक्षात वायूचा दाब किती, तापमान किती, उत्प्रेरक किती, क्षेत्र किती वेगाने बदलायचं, यातली एक गोष्ट चुकली तरी संकेत विरतो. ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि विषारी द्रावक रक्तात जाता कामा नयेत, म्हणून गाळणंही त्याच घाईत. कारण पायरुव्हेटमधला हा संकेत सुमारे मिनिटाभरात तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ येतो.

म्हणूनच ही औषधासारखी बाटलीत भरून दुसऱ्या शहरातून मागवायची वस्तू नाही. ती रुग्णाच्या शेजारच्या खोलीतच तयार व्हायला हवी, आणि त्या खोलीत कुठलं यंत्र मावतं नि परवडतं, यावर आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या बाईला ही तपासणी मिळणार की नाही ते ठरेल.