एलीचे मरिया-चॅपल : मस्तक हरपलेल्या कथा

१/ इंग्लंडच्या पूर्व भागात, केंब्रिजच्या उत्तरेस, एली नावाचे छोटे नगर आहे. तेथील कॅथेड्रललगतच्या मरिया-चॅपलमध्ये भिंतीभर कोरीव मूर्ती आहेत. मात्र जवळजवळ एकाही मूर्तीला मस्तक नाही. ही मस्तके कोणा परकीय आक्रमकाने उडविली नाहीत. तो आदेश एलीच्याच बिशपचा होता.

२/ मध्ययुगात एली हे दलदलीने वेढलेले बेट होते. इ.स. ६७३ मध्ये राजकन्या एथेलड्रेडा हिने येथे मठ स्थापिला. पुढे शतकानुशतके यात्रेकरू तिच्या समाधीच्या दर्शनाला येत राहिले. तिच्या नावाने भरणाऱ्या सेंट ऑड्रीच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. 'भडक, हलक्या प्रतीचे' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'टॉड्री' त्यावरूनच आला.

३/ दरम्यान मरियाभक्ती पश्चिम युरोपभर पसरली होती. ख्रिस्त न्यायनिवाडा करणारा, तर मरिया पापी लेकरासाठी पुत्राकडे रदबदली करणारी आई, अशी सामान्यांची श्रद्धा होती. मोठ्या चर्चमधून तिच्या नावाने रोज मिस्सा होई आणि त्यासाठी स्वतंत्र चॅपल बांधले जाई. ते बहुधा मुख्य वेदीच्या मागे, पूर्व टोकाला असे. एलीत ती जागा एथेलड्रेडाच्या समाधीने व्यापली होती. म्हणून मरियेचे चॅपल उत्तरेस, जवळजवळ स्वतंत्र इमारत म्हणून उभारण्याचे ठरले.

४/ १३२१ मध्ये पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १३२२ मध्ये, कॅथेड्रलचा मधला मनोरा कोसळला. मठाधिकारी ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम त्याजागी नवा अष्टकोनी मनोरा उभारण्याच्या कामात गुंतला आणि चॅपलची धुरा जॉन ऑफ विस्बिच या साधूवर आली. पाया खणताना त्याला नाण्यांनी भरलेले भांडे सापडले व त्यातून मजुरी भागली, अशी कथा मठाच्या इतिवृत्तात आहे.

५/ काम २८ वर्षे चालले. सुमारे ३० मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि मध्ये एकही खांब नसलेले हे दालन १३४९ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी प्लेगने जॉनचा बळी घेतला.

६/ भिंतीलगतच्या कमानींवर मरियेचे चरित्र आणि तिचे चमत्कार कोरलेले होते. रोमन सम्राट ज्युलियनला शासन करण्यासाठी मरियेने मर्क्युरियस या संत-सैनिकाला थडग्यातून उठविले, ही त्यांतलीच एक कथा. सारे शिल्प रंगविलेले होते. अक्षरओळख नसलेल्यालाही तेथे कथा वाचता येई.

७/ १६ व्या शतकात वारे फिरले. संतांच्या प्रतिमांपुढे प्रार्थना करणे ही मूर्तिपूजा होय, असे धर्मसुधारकांचे मत होते. आठव्या हेन्रीच्या राजवटीत त्याला सत्तेचे बळ मिळाले. १५३८ मध्ये वॉल्सिंगहॅमची सुप्रसिद्ध मरियामूर्ती लंडनला नेऊन जाळण्यात आली. १५३९ मध्ये एलीचा मठ बरखास्त झाला. १५४१ मध्ये बिशप थॉमस गुडरिच याने प्रतिमा आणि समाधिस्थाने नष्ट करण्याचा आदेश दिला. एथेलड्रेडाची समाधी गेली. मरियेच्या कथांतील मस्तके गेली.

८/ वास्तू मात्र टिकली, कारण तिला नवा उपयोग मिळाला : १५६६ पासून १९३८ पर्यंत ती नगरातील रहिवाशांचे पॅरिश चर्च होती. रंगीत काचा जवळजवळ साऱ्या नाहीशा झाल्या, त्यामुळे आज आत पांढरा, स्वच्छ उजेड पडतो.

९/ १८९५ मध्ये एम. आर. जेम्स या विद्वानाने या शिल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भयकथांचा लेखक म्हणून प्रसिद्ध असलेला जेम्स तो हाच. बिनमस्तकाच्या आकृती मध्ययुगीन कथांशी ताडून पाहत त्याने एकेका प्रसंगाची ओळख पटविली. ज्या कथा यात्रेकरू एका नजरेत ओळखत, त्या उलगडण्यासाठी साडेतीनशे वर्षांनंतर एका पंडिताची गरज पडली. कोनाड्यांत जुन्या रंगाचे अंश आजही दिसतात.