कारंज्याच्या पोथ्या आणि संयुक्त सूची

वाशीम जिल्ह्यातील इंझोरी हे गाव मानोरा तालुक्यात येते. शेजारच्याच तालुक्याचे ठिकाण म्हणजे कारंजा. मराठीच्या अभ्यासकाला कारंजा ठाऊक असते ते मुख्यतः ‘गुरुचरित्रा’मुळे, नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. परंतु तेथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांनी आपल्या भाषेच्या इतिहासाला जे दिले, त्याची आठवण वर्गात क्वचितच निघते. अनेक ग्रंथालयांचा साठा एकत्र दाखवणाऱ्या संयुक्त सूचींचा विचार करताना आम्हांला प्रथम कारंजा आठवते.

ग्रंथसूची आणि संयुक्त सूची यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० पासूनच्या मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद करते. अमुक ग्रंथ निघाला होता, हे ती सांगते. संयुक्त सूचीपुढचा प्रश्न निराळा असतो: तो ग्रंथ आज कोणाच्या कपाटात आहे? हस्तलिखितांच्या बाबतीत तर या प्रश्नावरच सारे अवलंबून असते, कारण एखाद्या कृतीच्या दोनचारच प्रती उरलेल्या असतात.

थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. भारतातील व युरोपातील अनेक संग्रहांच्या संस्कृत हस्तलिखितांच्या याद्या त्यांनी त्यात एकवटल्या. पण अशा कार्याची मर्यादा उघड आहे. ज्या भांडाराची यादीच झालेली नाही, ते एकत्रीकरणात येणार कसे? मध्य प्रांतातील संस्कृत हस्तलिखितांची कीलहॉर्न यांची यादी नागपुरास १८७४ मध्ये निघाली होती. परंतु वऱ्हाड तेव्हा त्या प्रांताचा भागच नव्हता. तो प्रशासनाच्या सोयीसाठी मध्य प्रांताला जोडला गेला १९०३ मध्ये. पुढे रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली. ती १९२६ मध्ये नागपुरास प्रसिद्ध झाली आणि कारंज्याच्या भांडारांतील पोथ्या विद्वानांच्या दृष्टिपथात आल्या.

परिणाम दूरगामी झाला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी या पोथ्यांचा अभ्यास हाती घेतला. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आले. १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये कनकामराचे ‘करकंडचरिउ’ आले, ही दोन्ही जैन यांच्या संपादनाची. झूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा यांपैकी एकही काव्य मुद्रित नव्हते. अपभ्रंश ही प्राकृत आणि मराठी यांच्यामधली पायरी, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्या पायरीचे काही दगड कारंज्यात होते. ते सापडले, कारण कोणीतरी त्यांची यादी केली.

आता संगणकाकडे वळू. अमेरिकेतील ओसीएलसी या संस्थेची सामायिक सूची १९७१ मध्ये सुरू झाली. तिचेच आजचे नाव वर्ल्डकॅट. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली जन्मला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला. त्याच्या ‘इंडकॅट’ या सूचीत भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील नोंदी एकत्र शोधता येतात. पुण्यातील संशोधनग्रंथालयांना जोडण्यासाठी ‘पुणेनेट’ १९९२ मध्ये सुरू झाले. जे शोधायला पूर्वी महिने लागत, ते आता क्षणाचे काम झाले आहे.

तरीही जुन्या अडचणी यंत्राने पुसल्या नाहीत. ‘णायकुमारचरिउ’ कोणी ‘नागकुमारचरित’ म्हणून नोंदवले, तर यंत्राला ती दोन पुस्तके वाटतात. रोमन लिपीत ‘ज्ञ’ कोणी ‘ज्न’ असा लिहितो, कोणी ‘द्न्य’ असा. एकच ग्रंथ दोन ठिकाणी विखुरतो. वर सांगितलेले दोन हिरालाल एकाच काळातले आणि एकाच विषयाशी निगडित. त्यांना वेगळे ओळखणारा जाणकार सूचीकार नसेल, तर दोघांचे कार्य एकाच्या नावावर चढेल. सूची कितीही मोठी असो, तिची विश्वासार्हता एकेका नोंदीच्या शुद्धतेवरच उभी असते.

याहून गंभीर गोष्ट वगळलेल्यांची. संयुक्त सूचीत एखादे नाव दिसले नाही की ‘असा ग्रंथ उपलब्ध नाही’ असे लिहून शोधनिबंध पुढे सरकतात. वास्तविक त्या मौनाचा अर्थ एवढाच की, सूचीत सामील झालेल्यांकडे तो नोंदलेला नाही. १९२६ पूर्वी कारंज्याच्या पोथ्यांची अवस्था हीच होती. गावोगावची सार्वजनिक वाचनालये, मठ-मंदिरांतील दप्तरे, जुन्या घरांतील बासने आजही बहुतांशी विद्यापीठीय सूचींच्या बाहेर आहेत.

म्हणूनच एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्रकल्प देताना आणखी एका कवीचा आणखी एक आढावा मागण्याऐवजी आपण त्याच्या गावातील एका कपाटाची यादी का मागू नये? ग्रंथनाम जसे पानावर आहे तसे, कर्ता, लिपी, काळ, पृष्ठसंख्या, स्थळ — एवढे नीट लिहिले तरी पुरे. पुढे ती यादी मोठ्या सूचीत मिसळता येईल. कोठल्याही जागतिक सूचीची सुरुवात शेवटी अशाच एखाद्या कपाटापाशी बसलेल्या माणसाने केलेली असते.